क्लचमधल्या मुंग्या

माझा स्वभाव उतावळा. चहा निवेपर्यंत मला दम निघत नाही. जीभ भाजते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणी पंखा उघडून बसलं की मी त्याच्या हातातला पाना ओढून घेतो. आई सगळ्यांना सांगायची, "ह्याला नऊ महिनेबी धीर धरवला न्हाई, आठव्यातच आला." सांगून हसायची. मीही हसायचो, कारण खोटं काहीच नव्हतं.

नोकरीला मी सुप्याला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. काम मालाच्या तपासणीचं. तुकडा मापात बसला तर पास, नाहीतर लाल डबा. लाल डब्यातल्या प्रत्येक तुकड्यासाठी एक कागद भरायचा, आणि त्या कागदावर एक रकाना असतो: दोष कशामुळे. तो मोकळा सोडला तर साहेब कागद परत पाठवतात. असे हजारो रकाने मी भरलेत. स्वतःच्या घरातला एक मात्र मला आठ दिवस भरता आला नाही, त्याची ही हकिगत.

घर आमचं काष्टीजवळच्या एका वस्तीवर. वडिलांची पिकअप होती. आसपासच्या बागांमधली लिंबं गोण्यांमध्ये भरून ते काष्टीला, श्रीगोंद्याला पोचवायचे. ते गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. कोंबड्या बोनेटवर बसायला लागल्या. वर्षभराने एका सकाळी आईने कोंबड्या हाकलल्या, सीटवरची घाण ओल्या फडक्याने पुसली आणि धाकट्या दिराला, म्हणजे माझ्या काकांना, म्हणाली, "भाऊजी, मला शिकवा."

ती तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. काका वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी तिला शिकवलं, नगरला नेऊन लायसन काढून दिलं. पण ती भावाची गाडी होती. भाऊ गेल्यावर त्याची म्हणून तेवढी एकच वस्तू हलती-बोलती उरलेली. म्हणून त्यांनी ओट्यावर बसून, माझ्यासमोर, अट घातली. "दिवाळीपत्तुर चालवा वहिनी. तवर गाडीला काय झालं न्हाई, तर मी पुन्हा चकार शब्द काढायचो न्हाई. पन गाडी बिघडली, तर किल्ली माझ्याकडं."

आईने मान डोलावली आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. त्या दिवसापासून ती किल्ली कधी खुंटीला दिसली नाही.

वडील गेल्यावर आमच्या घरात जेवताना कुणी बोलायचं नाही. भाकरी मोडल्याचा आवाज यायचा. गाडी चालवायला लागल्यावर आई बोलायला लागली. कुणाच्या बागेतला रस्ता खचलाय, पुलावर एसटीवाल्याने कशी वाट दिली, बाजारात कोण डोळे फाडून बघत होतं. बोलता बोलता तिचा डावा हात गिअर टाकल्यासारखा आपोआप हलायचा, लक्षात आलं की स्वतःच हसायची. मी सोमवारच्या सुट्टीला घरी यायचो ते निम्मं ते ऐकायला. किल्ली गेली असती तर हे सगळं पुन्हा गेलं असतं. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

आणि लोकांना एकच गोष्ट माहीत होती: बाईचा पाय क्लचवरून उठत नाही. हे वाक्य मी चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे ऐकलंय. ज्यांनी उभ्या जन्मात सायकलीपलीकडे काही चालवलं नाही, तेही उंटावरून शेळ्या हाकायचे.

दिवाळीला महिना राहिला होता. त्या सोमवारी मी आईशेजारी बसून बाजाराला निघालो. कालव्याच्या पुलाचा चढ लागला, आईने रेसवर पाय दिला, इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी मात्र आहे तिथेच घुटमळली. जळका वास आला. कशीबशी रांगत चढली. आईने माझ्याकडे पाहिलं.

"परवापासनं आसंच करती," ती म्हणाली. "भाऊजीस्नी बोलू नगं."

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लच म्हणजे दोन तव्यांच्या मधे दाबून धरलेली चकती. ती घट्ट बसली की इंजिनाची ताकद चाकांना जाते, पेडल दाबलं की सुटते. तिच्यावर तेल आलं तर ती घसरते. ती चिकटून बसली तर पेडल दाबूनही सुटत नाही. आणि कुणी सारखा पाय ठेवून गाडी चालवली तर ती जळते.

घरी आल्यावर मी गाडीखाली वाकलो. मातीत तेलाचे चार-पाच थेंब होते, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या बरोबर खाली. तपासणीचं काम करणाऱ्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. हे तेल कुठून येतंय, एवढा एकच प्रश्न. पण माझ्या डोक्यात काका होते. आत्ता संध्याकाळी येतील, थेंब बघतील, म्हणतील गाडी बिघडली. मी चपलेने माती ओढली आणि थेंब झाकून टाकले.

आणखी एक सांगतो, ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. मलाही आईच्या पायावर विश्वास नव्हता. जुनी गाडी, तेल टपकणारच, असं मी थेंबांचं समाधान लावलं. पण क्लच घसरतोय तो तिच्याच पायाने, हे मी मनात धरून चाललो होतो. मला तिला वाचवायचं होतं ते गुन्हेगाराला वाचवतात तसं.

मग माझी वणवण सुरू झाली. काष्टीच्या बाजारात टपरीवर बसून मी विचारायला लागलो, "एका मित्राच्या गाडीचा क्लच घसरतोय, काय करावं?" आमच्याकडे औषध सांगायला कुणी मागे राहत नाही, मग दुखणं म्हशीचं असो की मोटारीचं. एक म्हणाला, पेट्रोलने धू. दुसरा म्हणाला, चुलीची राख मार. तिसऱ्याने विटेची भुकटी सांगितली, चौथ्याने तोंडाला लावायची पावडर. बैल घ्यायला आलेला अकोले तालुक्यातला एक जीपवाला गप्प बसून चहा पीत होता. तो उठता उठता म्हणाला, "घाटात आमीबी खडूची पूड मारतो. पन ती घरी पोचन्यापुरती. ते काय औषद न्हाई, दादा." त्या टपरीवर शहाणं बोललेला तो एकटाच. त्याचंच मी ऐकलं नाही.

पहिल्या आठवड्याला पेट्रोल. आई दुपारी बागेत गेल्यावर मी सीट आणि पेडलच्या मधे दांडकं अडकवून क्लच दाबून धरला. क्लचखालचं रबरी बूच काढलं आणि जनावरांना औषध टोचायच्या मोठ्या सुईने आत पेट्रोल मारलं. काळंकुट्ट तेल गळून खाली आलं. ते मी पत्र्याच्या डब्यात धरलं आणि लांब बांधावर नेऊन ओतलं. गाडी पाच दिवस झकास चालली. आईने फोन करून सांगितलं, "आपोआपच बरी झाली बघ." मला मशीनसमोर उभं राहून शीळ घालावीशी वाटली.

सहाव्या दिवशी पुन्हा घसरली. दुसऱ्या आठवड्याला मी पुन्हा पेट्रोल मारलं आणि वर चुलीची राख वस्त्रगाळ करून फुंकली. आता क्लच धरायचा, पण झटके देऊन. आई गाडीत बसली की तिची मान पुढेमागे व्हायची. काका ओट्यावरून बघत होते. "वहिनी, दमानं सोडत जावा," एवढंच बोलले. दिवाळीला चौदा दिवस होते. रात्री मला सुप्याच्या खोलीत झोप येईना. व्हिडिओ बघायचो, बंद करायचो, पुन्हा लावायचो.

आणि मग मला गूळ आठवला.

लहानपणी शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं. चरकाचा लांब पट्टा घसरायला लागला की गुळव्या मूठभर राळ गुळाच्या पाकात घोटून पट्ट्याला चोपडायचा, आणि पट्टा कसा चाकाला धरून बसायचा. पिठाच्या गिरणीवालाही तेच करायचा. पट्टा घसरला की गूळ. मग क्लच घसरला तर? तिसऱ्या सोमवारी मी आधी पेट्रोल मारून आतलं उरलंसुरलं तेल पार धुऊन काढलं. नंतर डब्यातल्या ढेपेचा कोपरा फोडला, दाट पाणी केलं आणि सुईने थेट आत मारलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पट्टा उघड्यावर असतो आणि क्लच तापतो, पट्टा सुटावा लागत नाही आणि क्लच सुटावाच लागतो, एवढा साधा विचार मी केला नाही. आपल्या युक्तीवर खूश होऊन मी तेव्हाच आईकडून किल्ली मागून घेऊन पुलापर्यंत एक फेरी मारली, चढावर मुद्दाम रेटली. गाडी तोफेसारखी चढली. मी ती शेडमध्ये उभी केली, वडिलांच्या सवयीने पहिल्या गिअरमध्ये.

मंगळवारी मला दुसरी पाळी होती. सकाळी मी ओट्यावर चहा पीत होतो. आई गाडीत बसली. किल्ली फिरवली, आणि गाडीने शेडमधून जी उडी घेतली ती थेट पाण्याच्या हौदावर. हौदाचा कोपरा फुटला, पाणी अंगणभर झालं, गोण्या पुढे कोसळल्या. आईने ब्रेक दाबला म्हणून इंजिन बंद पडलं, नाहीतर पुढे गोठा होता. ती खाली उतरली तेव्हा तिचा कोपर खरचटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी आगीतून काढून तिला फुफाट्यात टाकलं होतं.

काका पळत आले. "वहिनी, पाय कुठं हुता?"

"क्लच दाबला हुता, भाऊजी."

"दाबला आसता तर गाडी हालती का?"

"तळापत्तुर दाबला हुता," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "व्हय रं, दाबला हुता मी."

मी म्हणालो, "आधी कोपर धू." माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

मी पाळी बुडवली. दुपारी काष्टीहून मिस्त्री आले. गिअरबॉक्स खाली उतरला, प्लेट बाहेर आली. काळी ठिक्कर, वर कडक काचेसारखा थर, कडांना राख. मिस्त्रींनी ती उन्हात फिरवून पाहिली, आत बोट फिरवलं. "तेलाचा टिपूसबी न्हाई," ते म्हणाले. "कोरडी ठाक हाय. जळून कोळसा झालीय. पाय ठिवून ठिवूनच अशी हुती."

तेल असतं तर आई सुटली असती. तेलाचा टिपूस उरू नये म्हणून मीच तीन सोमवार खपलो होतो. आता बोलायची वेळ होती. मी कारखान्यातला तपासणीवाला आहे, माझ्याकडे डिप्लोमा आहे, आणि मी क्लचमध्ये गूळ घातला, हे त्या दोघांसमोर म्हणायचं होतं. मिस्त्रींनी ते संध्याकाळपर्यंत काष्टीभर केलं असतं. मी मूग गिळून उभा राहिलो. मला वाटलं, थोड्या वेळाने सांगू, काकांना एकट्याला सांगू, फोनवर सांगू.

आईने कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली आणि काकांच्या हातावर ठेवली. काकांनी मागितली नव्हती. ती आत गेली आणि चुलीवर कालवण ठेवल्याचा आवाज आला. मी मोटारसायकल काढली आणि सुप्याला निघून गेलो.

त्या आठ दिवसांत मी माणसात नव्हतो. उभा राहिलो की बसावंसं वाटे, बसलो की उठावंसं. फोन हातात घ्यायचो, आईचा नंबर काढायचो, खाली ठेवायचो. एकदा लावला. "नवी प्लेट बसली," ती म्हणाली. "भाऊजी चालवत्यात. मी शेजारी बसून जाते." मी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, "व्हय." बस्स. ती पुन्हा एका शब्दात बोलायला लागली होती. दुसऱ्या दिवशी मी चांगले तुकडे लाल डब्यात टाकले आणि साहेबांची बोलणी खाल्ली. दोष कशामुळे, या रकान्यावर पेन ठेवून मी नुसता उभा राहायचो.

पुढच्या सोमवारी काकांनी गाडी काढली, आई त्यांच्या शेजारी, मी मागे गोण्यांवर. बाजारात माल उतरवून पेडल सेट करायला गाडी मिस्त्रींकडे नेली. काम झाल्यावर मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आता कशी लोन्यासारखी चालतीय." काकांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. "घे. घरापत्तुर तूच चालव. आता तूच शिकून घे नीट. तुझ्या बापाची गाडी हाय, तुझ्या हातात बरी." आई आधीच जाऊन डावीकडे बसली होती, पदर सावरून, समोर बघत.

ती किल्ली हातात घेऊन मला उभंच राहवेना.

"काका, आईनं क्लच जाळला नाही. मी जाळला."

काकांना वाटलं मी आईची बाजू घेतोय. मग मी सगळं सांगितलं. थेंब, चपलेने ओढलेली माती, पेट्रोल, राख. गुळापाशी आलो तेव्हा मिस्त्रींना हसू आवरेना. "गूळ? क्लचात? आरं, च्या करायचा हुता का काय!" काका हसले नाहीत. त्यांनी मिस्त्रींना फक्त म्हटलं, "खालनं बघा."

मिस्त्री आडवे झाले, बूच काढलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढून वर धरलं. बोटावर ताजं तेल होतं. "इंजिनाचं तेल आडवनारं मागलं सील गेलंय," ते म्हणाले. आता त्यांचंही हसू गेलं होतं. "आठ दिसात पुन्हा आलंय तेल. ही प्लेटबी घसरली आसती. त्यात बाईंचा काय दोष न्हाई."

काका माझ्या हातातली किल्ली घेऊन गाडीच्या डाव्या दाराशी गेले. "वहिनी," एवढंच म्हणाले आणि किल्ली पुढे केली.

"आदी सील बसवा," आई म्हणाली. "मग घेते."

सील बसायला दिवस मावळतीला गेला. निघताना काका न सांगता मागे रिकाम्या गोण्यांवर जाऊन बसले. आई चालवायला बसली, मी तिच्या डावीकडे. काष्टी मागे पडली. मी रस्त्याकडे बघावं म्हणत होतो, पण माझी नजर तिच्या डाव्या पायावरच होती. गिअर बदलायचा झाला की पाय पेडलवर जायचा, आणि लगेच बाजूला पत्र्यावर टेकायचा. पुन्हा गिअर, पुन्हा पत्र्यावर. एकदाही तो पेडलवर रेंगाळला नाही.

"बघ, बघ," आई म्हणाली. "पोटभर बघून घे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्या दिवशी गाडी काढायच्या आदी टायरवरनं मुंग्यांची रांग वर चालली हुती," ती पुढे म्हणाली. "तवा काय उमगलं न्हाई. मिस्त्रीनं प्लेट काढली आन करपल्या गुळाचा वास आला. गूळ करपल्याला बाईच्या नाकाला कळत न्हाई व्हय? घरात जाऊन डबा उघडला, तर ढेप फोडल्याली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले हुते की. क्लच दाबला हुता म्हनून, तुझ्याकडं बघून. तू कोपर धू म्हनालास."

कालव्याच्या पुलाचा चढ आला. तिने गिअर बदलला, गाडी एका दमात वर निघाली, इंजिनाचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"च्या निवंस्तोवर तुला दम न्हाई," ती समोर बघत म्हणाली. "आन आईसाठी एवढं एक बोलायला आठ दिस लागलं."

ती हसली नाही. मी पुलाच्या कठड्याकडे बघत राहिलो, आणि मागे काका गोण्या धरून बसले होते.